नकली विमानाचा स्वयंचालक

गोंदियाच्या माणसाला आता लहान विमानांचे अप्रूप राहिलेले नाही. बांधीत रोवणी चाललेली असते, डोक्यावरून शिकाऊ विमान घरघरत जाते आणि कोणी मान वर करून पाहतही नाही. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी १९४० साली महायुद्धासाठी बांधली. पुढे बरीच वर्षे ती जवळजवळ निजलेलीच होती. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून येथे वैमानिक घडविणारी संस्था उभी राहिली आणि डायमंड जातीची एक इंजिनाची व दोन इंजिनांची विमाने आपल्या आकाशात फिरू लागली.

परंतु आज मी आकाशातल्या विमानाविषयी बोलणार नाही. मला बोलायचे आहे ते खोलीतल्या विमानाविषयी, म्हणजे ज्याला सिम्युलेटर म्हणतात त्या नकली विमानाविषयी. आणि त्यातही त्याच्या एका बटणाविषयी. ते बटण दाबले की विमान आपले आपण चालू लागते. खऱ्या विमानात हे काम कारखान्यात बनलेले यंत्र करते. नकली विमानात मात्र ते यंत्र नसते. तेथे कोणीतरी बसून संगणकाला ओळीओळीने सांगितलेले असते की, असे झाले तर असे कर. त्या माणसाला नेमके काय सांगावे लागते?

दोन्ही कल्पना तशा जुन्याच. अमेरिकेतील लॉरेन्स स्पेरी याने १९१४ च्या जूनमध्ये पॅरिसजवळ सीन नदीवर विमान उडविताना दोन्ही हात वर करून दाखविले. त्याचा मदतनीस पंखावर जाऊन उभा राहिला, तरी भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या जायरोस्कोपच्या जोरावर विमान समतोल राहिले. आणि नकली विमान बनविले एडविन लिंक याने १९२९ मध्ये. हा गृहस्थ ऑर्गन बनविणाऱ्या घरातला. संगीत नाटकांतला पायपेटीचा ऑर्गन ज्यांनी पाहिला असेल त्यांना भाता म्हणजे काय हे सांगायला नको. लिंकने तसलेच भाते लाकडी विमानाखाली बसविले आणि ते हवेने फुगवून-मिटवून विमान डोलविले. सुरांच्या पेटीतून वैमानिकांची शाळा निघाली, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत गोड गोष्ट वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. समजा, दोन बांध्यांमधल्या अरुंद पाळीवरून तुम्ही सायकल चालवीत आहात. चाक उजवीकडे गेले की तुम्ही हँडल डावीकडे वळविता. जितके जास्त गेले तितके जास्त. ही पहिली गोष्ट. पण चाक झपाट्याने मधोमध परत येत असेल, तर पोहोचण्याआधीच तुम्ही हात सैल सोडता, नाहीतर दुसऱ्या बाजूच्या चिखलात जाल. ही दुसरी. आणि एका बाजूने सतत वारा असेल, तर थोड्या वेळाने तुमच्या ध्यानात येते की आपण कायमच जरा डावीकडे राहतो आहोत. मग हँडल कायमचेच थोडे उजवीकडे धरून ठेवता. ही तिसरी. आत्ताची चूक, बदलत असलेली चूक आणि साचलेली चूक, या तिघींना तीन गुणक लावून बेरीज केली की स्वयंचालकाचे मूळ सूत्र तयार होते. जहाजांच्या सुकाणूसाठी मिनॉर्स्की नावाच्या शास्त्रज्ञाने ते १९२२ मध्ये मांडले, तेही सुकाणूवरच्या खलाशांचे हात कसे चालतात ते पाहून.

एवढ्याने विमान उडेल काय? उडेल, पण बरे उडणार नाही. उंची दोनशे फूट कमी आहे म्हणून थेट शेपटीची झडप ओढली, तर विमान आधी नाक उडवील आणि मग वेग गमावील. म्हणून पायऱ्या करतात. राइस मिलचा मालक हमालाला पाय कोठे ठेव ते सांगत नाही; तो दिवाणजीला सांगतो, दिवाणजी मुकादमाला आणि मुकादम हमालाला. तसेच येथे उंचीतली चूक ठरविते की मिनिटाला किती फूट चढायचे. चढण्याचा वेग ठरवितो की नाक किती अंश वर हवे. आणि नाकाचा कोन ठरवितो की झडप किती हलवायची. प्रत्येक पायरीवर मर्यादा घालावी लागते. मिनिटाला पाचशे फुटांपेक्षा जास्त चढू नकोस, वीस अंशांपेक्षा जास्त कलू नकोस, इत्यादी.

या मर्यादांतूनच एक चमत्कारिक दुखणे उद्भवते. मी हौसेने घरच्या संगणकावर असा स्वयंचालक लिहीत होतो. विमान धावपट्टीवर उभे, स्वयंचालक चुकून चालू, उंची लावलेली तीन हजार फूट. विमान हलत नव्हते, पण ती तिसरी, साचलेली चूक, निमूटपणे साचत होती. दहा मिनिटांनी उड्डाण केले, तेव्हा विमानाने नाक वर केले ते खाली आणीचना! दहा मिनिटांची सगळी उधारी त्याने एकदम वसूल करायला काढली होती. उपाय सोपा आहे : झडप मर्यादेला टेकली असेल, तर खात्यावर नवी रक्कम चढवायची नाही. परंतु हे सांगावे लागते. माणूस ते न सांगता करतो.

दुसरी फजिती याहून बाळबोध. विमान ३५० अंशांवर आणि जायचे १० अंशांवर, म्हणजे उत्तरेच्या थोडे अलीकडून थोडे पलीकडे. कोणीही म्हणेल, वीस अंश उजवीकडे वळ. पण ३५० मधून १० वजा केले की ३४० येतात, आणि माझे विमान सगळे क्षितिज डावीकडून फिरून आले. वर्तुळ शेवटी आपल्या सुरुवातीलाच येऊन मिळते, हेही संगणकाला शिकवावे लागले.

येथवर विमान नुसते हाताशी आले. ते आता कोठे जाणार? हा दुसरा थर, मार्गाचा. बिरसीहून नागपूर विमानतळ सुमारे ७४ सागरी मैल, म्हणजे १३७ किलोमीटर. दिशा साधारण २५० अंश. हे काढताना अक्षांशाचा अंश आणि रेखांशाचा अंश सारखाच लांब धरला तर हिशेब फसतो, कारण आपल्याकडे रेखांशाचा अंश सुमारे सात टक्के आखूड आहे. पृथ्वीच्या गोलावरचे अंतर काढायला ज्या-कोटिज्या लागतात. इंग्रजीतला ‘साइन’ हा शब्द आपल्या ‘ज्या’ वरूनच अरबी आणि लॅटिन वळणे घेत गेलेला आहे. आज तो सिम्युलेटरच्या आज्ञावलीतून परत घरी आला, एवढेच.

नुसती दिशा धरून भागत नाही. ताशी १२० सागरी मैलांच्या विमानाला उजवीकडून ३० सागरी मैलांचा वारा लागला आणि नाक २५० वरच ठेवले, तर सदतीस मिनिटांनी ते नागपूरला नसेल. चौतीसेक किलोमीटर दक्षिणेकडे, बुटीबोरी-उमरेडच्या शिवारावर असेल. म्हणून मार्गाच्या थराने दर क्षणाला विचारायचे की, आखलेल्या रेषेपासून मी किती बाजूला आहे? आणि तेवढे नाक वाऱ्यात खुपसायचे. येथे ते साडेचौदा अंश भरते.

वळणाचेही तसेच. वाटेतल्या टप्प्यावर पोहोचून मग वळायला सुरुवात केली, तर विमान रेषेबाहेर जाते. सेकंदाला तीन अंश वळणाऱ्या या विमानाच्या वळणाची त्रिज्या जवळजवळ बाराशे मीटर असते. काटकोनात वळायचे तर तितकेच अंतर आधी वळू लागावे लागते. बैलगाडीवाला हे जाणतो. मग टप्पा पार झाला असे केव्हा म्हणायचे? नवशिका लिहितो : टप्पा अर्ध्या मैलाच्या आत आला की. वाऱ्याने विमान पाऊण मैलावरून गेले तर? ते मागे वळते, पुन्हा हुकते, पुन्हा वळते आणि इंधन संपेपर्यंत त्या टप्प्याला प्रदक्षिणा घालीत राहते. खरी कसोटी जवळ येण्याची नाही, टप्पा पाठीमागे पडल्याची आहे.

श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, हा सगळा खेळच नव्हे काय? खेळातले विमान आपटले तर कोणाचे काय गेले? त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० विमान बंगळूरला धावपट्टीच्या अलीकडे कोसळले. १४६ पैकी ९२ माणसे गेली. मिनिटाला ७०० फूट या वेगाने उतरायचे, त्याऐवजी उंचीच ७०० फूट अशी लावली गेली असावी, ही शक्यता चौकशीत पुढे आली. बंगळूरची जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे २९०० फुटांवर! यंत्राने हुकूम मानला, इंजिने मंद ठेवली आणि वेग घसरत गेला. दुसरी गोष्ट १९९५ च्या डिसेंबरची, कोलंबियातली. काली शहराकडे उतरणाऱ्या बोइंगला वैमानिकांनी ‘रोसो’ नावाच्या रेडिओ-केंद्राकडे जायला सांगितले. त्यासाठी ‘आर’ हे एकच अक्षर दाबले. यादीत त्या अक्षराचे पहिले केंद्र होते बोगोटाजवळचे. विमान मुकाट्याने तिकडे वळले. डोंगरात १५९ माणसे मेली.

दोन्ही ठिकाणी आज्ञावली बिघडलेली नव्हती. ती इमानदार होती. तिला मिळालेली आज्ञा भलती होती.

म्हणून सिम्युलेटरसाठी लिहिणाऱ्याची कसोटी वेगळी असते. त्याला नेहमी मोह होतो की आपला स्वयंचालक शहाणा करावा. विद्यार्थ्याने उंची भलतीच लावली, तर आपणच सावरून घ्यावे. धावपट्टीचा रेडिओ-किरण पकडण्याचे बटण दाबायचे राहिले, तर आपणच पकडावा. माझ्या मते हा दयाळूपणा घातक आहे. खरे विमान त्या किरणाला छेदून सरळ पलीकडे निघून जाईल, तर नकली विमानानेही गेलेच पाहिजे. विद्यार्थ्याने ते बिरसीच्या खोलीत एकदा घाम फुटेपर्यंत पाहिलेले असले, म्हणजे ढगात असताना त्याची नजर आपोआप त्या इवल्याशा हिरव्या अक्षरांकडे जाईल, जी सांगतात की यंत्राने या घटकेला कोणता हुकूम धरला आहे. नकली विमान मूळ विमानाहून चांगले उडत असेल, तर तो त्याचा दोष समजावा.

ज्यांना हे स्वतः करून पाहायचे आहे त्यांनी ‘फ्लाइटगिअर’ हा फुकट मिळणारा सिम्युलेटर संगणकावर घ्यावा. तो जगभरच्या हौशी लोकांनी १९९० नंतरच्या दशकात सुरू केला. त्यातल्या स्वयंचालकाचे गुणक साध्या मजकुराच्या फायलीत असतात. वाचता येतात, बदलता येतात. बिरसी ते नागपूर मार्ग आखा, उजवीकडून वारा सोडा आणि पहिला गुणक तिप्पट करून पाहा. विमान रेषेवर येईल, ओलांडील, परत येईल, पुन्हा ओलांडील, पाळीवरच्या नवख्या सायकलस्वारासारखे. मग दुसरा गुणक थोडा थोडा वाढवीत जा.