रडारने पाहिलं, पुढे काय?

३१ जुलै २०११ रोजी ‘एमव्ही पवित’ हे बेवारस जहाज जुहूच्या किनाऱ्याला लागलं. महिनाभर आधी ओमानजवळ खलाशी ते सोडून गेले होते. २६/११ च्या हल्ल्याला तीन वर्षंही झाली नव्हती आणि एवढं धूड कुणाच्या लक्षात न येता मुंबईत पोहोचलं. किनाऱ्यावरची रडारसाखळी तेव्हा उभी राहत होती.

पुढे पहिल्या टप्प्यात तटरक्षक दलाची ४६ ठाणी झाली: मुख्य भूमीवर ३६, लक्षद्वीपमध्ये ६ आणि अंदमान-निकोबारमध्ये ४. रडार, कॅमेरे आणि मोठ्या जहाजांची ओळख टिपणारे एआयएस रिसीव्हर ही तिथली सामग्री. बऱ्याच ठिकाणी ती दीपगृहांच्या आवारातच बसवली आहे. पन्नास मीटर उंचीवरच्या रडारला पाण्यापासून दोन मीटर वर असलेली बोट फार तर ३५ किलोमीटरवर दिसते. त्यापलीकडे पृथ्वीची गोलाई आड येते. त्यामुळे एका रडारने भागत नाही. अनेकांनी पाहिलेलं एकत्र जुळवावं लागतं.

हे काम ‘मिडलवेअर’चं. रडार आणि पडद्यासमोरचा अधिकारी यांच्यामधला हा सॉफ्टवेअरचा थर. रडारचं कच्चं चित्र जड असतं, म्हणून ठाण्यावरच त्यातून बोटीची जागा, वेग आणि दिशा काढतात. ‘ट्रॅक’ म्हणतात तो हाच. मग तो वाटायचा कसा? मुंबईजवळच्या उत्तनच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारा घरोघर जात नाही; ज्याला पापलेट हवं तो कान देतो. २००४ साली मान्य झालेलं ‘डीडीएस’ हे माहितीवाटपाचं मानक याच तत्त्वावर चालतं. रडार ट्रॅक जाहीर करतं. नियंत्रण कक्ष किंवा गस्तीनौका, ज्याला जे हवं ते घेतो. उशिरा जोडल्या गेलेल्याला शेवटची स्थिती लगेच मिळते, मुदत उलटलेली नोंद गळून पडते. हा चोखंदळपणा हवाच, कारण २० नॉट वेगाची बोट मिनिटाला सहाशे मीटर पुढे सरकते. शिळी नोंद गस्तीनौकेला रिकाम्या पाण्यात धाडेल.

देशभरातली ही माहिती गुरुग्रामच्या केंद्रात एकत्र येते. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र नौदल आणि तटरक्षक दलाच्या ५१ ठाण्यांना जोडतं. त्याच्या उभारणीत भारत इलेक्ट्रॉनिक्सचा सहभाग होता.

तरीही रडारला दिसतो तो फक्त ठिपका. तो उत्तनचा तांडेल की आणखी कुणी, हे ठिपका सांगत नाही. २० मीटरहून लांब बोटींना एआयएस सक्तीचं आहे; लहान बोटी त्यातून सुटतात. त्यांच्यासाठीच ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये बोटीची जागा कळवणाऱ्या एक लाख ट्रान्सपॉन्डरच्या योजनेला सुरुवात झाली. ट्रान्सपॉन्डर चालू ठेवणं म्हणजे स्वतःवर पाळत ओढवून घेणं, असं कुणाला वाटेल. पण वादळात शोध घेणाऱ्यांना आपली बोट सापडते ती त्यामुळेच. तेव्हा तो बंद करू नका, आणि अनोळखी बोट दिसली तर सागरी पोलिसांचा १०९३ हा क्रमांक फिरवा. रडारला जे ओळखता येत नाही, ते कोळ्याला एका नजरेत कळतं.