जुन्या जीप-पिकअपचे ब्रेक : दुरुस्ती आणि सुट्या भागांची निवड

ऊस विकास खात्याच्या पानावर ब्रेकची गोष्ट कशाला, असे काही सभासद विचारतील. आमचा विषय बेणे, लागण, खोडवा आणि तोडणीचा कार्यक्रम, हे खरेच. पण गटावर फिरताना वाडीवस्तीवर अजूनही एखादी जुनी जीप, किंवा जीपच्याच सांगाड्यावर मागे हौदा बांधलेली पिकअप उभी दिसते. बेणे आणावयाचे, खताची पोती न्यावयाची, बाजार करावयाचा, सगळे तिच्यावर. मालक इंजिनाला जिवापाड जपतो. ब्रेकचे विचारले तर मात्र "दोनदा पाय मारला की लागतात की साहेब" असे उत्तर मिळते. हौद्यात माणसे बसलेली असताना हे उत्तर चालणारे नाही, म्हणून हा लेख.

या गाड्या बहुतेक अमेरिकन विलीज घराण्यातल्या. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने त्या मुंबईत जोडावयास घेतल्या आणि पुढे त्यांचे भाग आपल्याकडेच तयार होऊ लागले. त्यामुळे ब्रेकचे भाग मिळतच नाहीत ही समजूत खरी नाही. भाग मिळतात, अडचण होते ती चुकीचा भाग जवळजवळ बसतो म्हणून. या घराण्यातल्या छोट्या जीपला ९ इंची ड्रम आणि पावणेदोन इंच रुंदीचे लायनर असतात. विलीजच्या मूळ मोठ्या पिकअपला ११ इंची ड्रम. दुकानात जाऊन नुसते "जीपचे लायनर द्या" म्हटले की काय हाती पडेल ते सांगता येत नाही.

आता ब्रेक काम कसे करतो ते पाहू. ज्यांनी विहिरीवर पंप बसवला आहे त्यांना हे समजावयास अडचण नाही. पायाखालचा मास्टर सिलिंडर हा पंप. त्यातला दट्ट्या तेल नळीत लोटतो, ते तेल चाकातल्या छोट्या सिलिंडरचे दट्टे बाहेर ढकलते, दट्टे शूंना दाबतात आणि शूवरचे लायनर ड्रमला घासते. दट्ट्यावरचा रबरी कप म्हणजे औषध फवारणीच्या पंपातले वायसरच. नळीत थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते, ती आपल्या फूट व्हॉल्व्हची धाकटी बहीण. आणि पंपाने हवा धरली की पाणी चढत नाही, तसेच नळीत हवा शिरली की पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. तेल दबत नाही, हवा दबते, एवढाच फरक.

या जुन्या गाड्यांत मोठा धोका हा की चारी चाकांना तेल एकाच वाटेने जाते. एका चाकाजवळची नळी फुटली की चारी ब्रेक एकदम गेले. हे ओळखूनच पुढे दोन स्वतंत्र वाटांचे मास्टर सिलिंडर आले. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले. आपल्या जुन्या गाडीला ही दुसरी वाट नाही, तेव्हा आहे ती एकच वाट निर्दोष ठेवणे भाग आहे.

एक उदाहरण सांगतो. आमच्या एका सभासदाच्या व्याह्यांकडून, कर्जत तालुक्यातल्या पोशीरहून, अशी एक पिकअप घाटावर आणावयाची होती. तो सगळा भाताचा आणि धो धो पावसाचा मुलूख. गाडी चार पावसाळे पडवीत ताडपत्रीखाली उभी. इंजिन दोन दिवसांत सुरू झाले आणि सगळ्यांनाच घाई झाली. पण वाटेत नेरळ, कर्जत, खोपोली आणि मग बोरघाट. चढाला ब्रेक लागतात कुठे, असे एकाने म्हटलेही. चढावर इंजिन बंद पडून गाडी मागे येऊ लागली तर काय करावयाचे, याचे उत्तर मात्र कोणाकडे नव्हते. शेवटी मिस्त्रींनी चारी चाके खोलावयास घेतली.

पहिल्याच चाकाला अडले. अशा अनेक जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. पान्याला पाइप लावून नेहमीच्या बाजूने जोर केला तर नट सुटावयाचा नाही, बोल्टच तुटेल. दुसरी गोष्ट हॅन्डब्रेकची. या गाड्यांत तो चाकावर नसून गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर लागतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते आणि हॅन्डब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावल्याशिवाय जॅक लावू नये. गाडीखाली माणूस झोपणार असतो.

चाके खोलल्यावर खरा दोष दिसला. त्या गाडीला पुढच्या चाकांत एक इंची सिलिंडर होते आणि मागच्या डाव्या चाकात पाऊण इंची, म्हणजे विलीजच्या मूळ मापाप्रमाणे. मागच्या उजव्या चाकात मात्र कोणीतरी एक इंची सिलिंडर बसवलेला. पाव इंचाने काय होते, असे वाटेल. पण जोर क्षेत्रफळावर ठरतो, व्यासावर नव्हे. पाऊण इंच आणि एक इंच यांच्या क्षेत्रफळांचे प्रमाण ९ ला १६. म्हणजे मागच्या उजव्या चाकाला डाव्यापेक्षा जवळजवळ पावणेदोनपट जोर मिळत होता. ब्रेक मारताच ते चाक आधी जाम होणार आणि ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट फिरणार. ज्याने तो बसवला त्याला मिळाला तोच भाग होता. बसला, तेल गळेना, झाले काम! जुन्या गाडीत असे आंधळे काम फार आढळते.

म्हणून आमचे सांगणे असे की जुना भाग कितीही गंजलेला असो, नवा हाती येईपर्यंत टाकू नका. तो नमुना आहे. सिलिंडरचे भोक व्हर्नियरने मोजा, ड्रमचा आतला व्यास घ्या, लायनरची रुंदी आणि रिव्हेटच्या भोकांची जागा कागदावर उतरवून ठेवा. एकाच गाडीत दोन्ही बाजूंची मापे वेगळी निघाली तर जिथे फेरबदल झालेला नाही ती बाजू खरी धरा. नमुना घेऊन मग बाजारात जा. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाऊस-ग्रँट रोडचा भाग हे मोटारीच्या सुट्या भागांचे जुने बाजार आहेत. तिथे न मिळाल्यास दिल्लीचे काश्मिरी गेट. जीपचे भाग उत्तरेकडे अजून बरेच मिळतात, कारण पंजाब-हरियाणात जुन्या जीप बांधून घेण्याचा शौक मोठा आहे. भंगार बाजारातून ड्रम, बॅक प्लेट असे लोखंडी भाग तपासून घ्यावयास हरकत नाही. कप, रबरी नळी आणि लायनर तिथून कधीही घेऊ नयेत, फुकट मिळाले तरी.

भाग मुळीच मिळाला नाही तर? जवळपास बसणारा घेण्यापेक्षा मूळचाच दुरुस्त करावा. सिलिंडरच्या आत नुसता गंज असेल तर होनिंगने निघतो. नखाला लागतील असे खड्डे असतील तर सिलिंडर बोअर करून त्यात पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा स्लीव्ह बसवावा आणि भोक मूळ मापाला आणावे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात काय किंवा पुण्या-मुंबईच्या जाणत्या लेथवाल्याकडे काय, हे काम होऊ शकते. नवा सिलिंडर येईल, पुढच्या महिन्यात येईल, असे म्हणत खड्डे पडलेल्या सिलिंडरात नवा कप घालून चालवू नये. तो कप थोड्याच दिवसांत कापला जातो.

ड्रमला चरे पडले असतील तर लेथवर साफ करता येतात, पण व्यास मूळ मापापेक्षा ६० थाऊहून जास्त वाढू देऊ नये. पातळ ड्रम तापतो, फाकतो आणि कधी तडकतो. लायनर एका अक्षाच्या दोन्ही चाकांना एकदम बदलावेत. रबरी होज बाहेरून चांगला दिसला तरी आतून फुगलेला असू शकतो. मग तेल जाते पण परत येत नाही आणि चाक जाम राहते. लोखंडी नळीच्या जागी साधी तांब्याची नळी वाकवून बसवतात, तीही चूक. हादऱ्यांनी तांबे कडक होऊन तडकते.

जुने लायनर घासून जी काळी धूळ साचलेली असते तिच्याविषयी जरा थांबून सांगावयास हवे. पूर्वीच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे. त्याचे बारीक तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि त्याने होणारे रोग, त्यात कर्करोगही आला, कित्येक वर्षांनी उमटतात. तेव्हा ड्रम काढल्यावर फुंकर नको, कॉम्प्रेसरची हवा तर नकोच. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. पोरांना जवळ बसू देऊ नये.

तेलाच्या बाबतीत दोन गोष्टी. ब्रेक ऑइलच्या वाटेत इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल यांचा थेंबही जाऊ नये. रबरी कप त्याने फुगतात. धुवावयाचे तर नव्या ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने. दुसरी गोष्ट, हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे कोरडे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेले तेच तेल १४० अंशांच्या आसपासच उकळू शकते. पोशीरसारख्या दमट मुलखात चार पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीतले तेल कसे असेल, याचा विचार करावा. सगळे काढून नवे भरणे हेच बरे.

हा उकळीचा हिशेब घाटात महत्त्वाचा होतो. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना सुमारे साडेपाचशे मीटर उंची कमी होते. दोन टनांची भरलेली गाडी हा उतार नुसत्या ब्रेकवर उतरली, तर त्यात निर्माण होणारी उष्णता ३० लिटरहून जास्त थंड पाणी उकळीला आणू शकेल. ती सगळी चार ड्रमांवर येते. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ हवेसारखी दबते आणि पाय तळाला जातो. म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून गाडी सोडणारे चालक आम्ही पाहिले आहेत. दोन-चार रुपयांचे डिझेल ते, त्याची तुलना कशाशी करावी?

दुरुस्तीनंतर हवा काढावयाची ती मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून. डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नये, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. पेडलला सुमारे अर्धा इंच मोकळी चाल ठेवावी. ती नसली तर मास्टर सिलिंडरमधले तेल परतीचे बारीक छिद्र बंद राहते आणि ब्रेक आपोआप धरू लागतात. मग पेडल मिनिटभर घट्ट दाबून धरावे. हळूहळू खाली सरकले तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचा कप गेला आहे. दुसऱ्यांदा पाय मारल्यावर वर आले तर हवा आहे किंवा शू ड्रमपासून लांब आहेत. "दोनदा पाय मारला की लागतात" याचा अर्थ हा.

पोशीरच्या गाडीचा योग्य सिलिंडर मिळण्यास नऊ दिवस लागले. तेवढे दिवस ती तिथेच राहिली. नंतर शेताच्या सपाट रस्त्यावर रिकामी चालवून, चारी ड्रमांना हात जवळ नेऊन एखादे जास्त तापते का ते पाहून, मगच ती घाटाला लावली.

कागदपत्रांविषयी थोडे. ५० वर्षांवरील, मूळ स्वरूपातल्या खासगी गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय झाली आहे. पण अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरास चालत नाही. बेणे-खते वाहणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. साधी नोंदणीच मुदतीत नूतन करून घ्यावी.

गट कार्यालयात मापे घेण्यासाठी व्हर्नियर ठेवलेला आहे. सिलिंडर काढून आणल्यास कृषी सहायक मोजून देतील. मात्र गाडी चालवत आणून "जरा मापे घ्या" म्हणू नये. ज्या गाडीचे ब्रेक संशयास्पद आहेत ती घरीच उभी असावी.