चार लाख मतं
दक्षिण आफ्रिकेत 26 मे 1948 रोजी निवडणूक झाली तेव्हा देशाची लोकसंख्या एक कोटी चौदा लाखांहून जास्त होती. मतदान केलं जेमतेम साडेदहा लाखांनी, कारण मताचा हक्क जवळजवळ सगळा गोऱ्यांच्या हाती होता. त्यातली सुमारे चार लाख मतं डी. एफ. मलान यांच्या नॅशनल पक्षाला पडली आणि स्मट्स यांच्या युनायटेड पक्षाला सव्वापाच लाख. म्हणजे हरणाऱ्याला लाखभर मतं जास्तच होती! पण मतदारसंघांच्या आखणीत ग्रामीण भागाला झुकतं माप होतं, आणि मलान यांची आघाडी 153 पैकी 79 जागा घेऊन सत्तेवर आली. वंशावंशांना कायद्यानं अलग ठेवायचं, ही त्यांची विचारसरणी. तिचं नाव अपार्थाइड.

या चार लाख मतांतून पुढे काय निघालं, याचा हिशेब मांडताना अजूनही सुन्न व्हायला होतं.

पाया आधीच घातलेला होता, हे मात्र सांगायला हवं. 1913च्या जमीन कायद्यानं काळ्यांना देशाच्या सुमारे सात टक्के जमिनीत कोंडलं होतं. 1936 साली हा वाटा तेरा टक्क्यांपर्यंत वाढवायचं ठरलं. काळे होते दर दहांतले सात. मलान यांच्या पक्षानं या विषमतेला रोजच्या जगण्यात, खिशातल्या कागदापर्यंत आणून पोचवलं.

तो कागद म्हणजे पासबुक. 1952 साली ते सक्तीचं करणाऱ्या कायद्याच्या नावात 'पास रद्द करणे' असे शब्द होते. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक काळ्या माणसानं ते सतत जवळ बाळगायचं. त्यात फोटो, बोटांचे ठसे, कर भरल्याची नोंद, आणि दर महिन्याला मालकाची सही. ज्याला शहरात राहायचा हक्क नाही, त्यानं तिथे परवानगीशिवाय बहात्तर तासांपेक्षा जास्त थांबायचं नाही. पुस्तक घरी विसरलं तरी कोठडी. 1916 ते 1984 या काळात पासच्या कायद्यांखाली एक कोटी सत्तर लाखांहून जास्त अटका झाल्या. भागाकार करून पाहा: रोज पावणेसातशे, रविवार-सण धरून, एकोणसत्तर वर्षं. यातल्या बहुतेकांचा गुन्हा एवढाच, की आपल्याच देशात ते कुठेतरी उभे होते.

9 ऑगस्ट 1956 रोजी सुमारे वीस हजार बाया या पासविरुद्ध प्रिटोरियात सरकारच्या दारात जमल्या आणि अर्धा तास एक शब्द न बोलता उभ्या राहिल्या. पास तरीही गेला नाही. 21 मार्च 1960ला शार्पव्हिलमध्ये पासविरोधी जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि 69 माणसं मेली, तरीही नाही. तो रद्द व्हायला 1986 उजाडावं लागलं.

शाळांतही हेच. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर सरकार गोऱ्या मुलावर वर्षाला 644 रँड खर्च करत होतं आणि काळ्या मुलावर 42. पंधरापट फरक, तोही पहिल्या इयत्तेपासून. ज्याच्या शिक्षणात असा खड्डा पाडला, त्यालाच पुढे कमी कुशल म्हणून कमी मजुरी द्यायची, असा हा मामला होता.

1960 ते 1983 दरम्यान सुमारे पस्तीस लाख माणसांना घरांतून उठवण्यात आलं. केपटाउनची डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती 1966 साली 'गोऱ्यांसाठी' जाहीर झाली आणि साठ हजारांवर लोक बाहेर फेकले गेले. बुलडोझरनी घरं पाडली. उभ्या ठेवल्या त्या मशिदी आणि चर्च. रत्नागिरीच्या बाजूनं गेलेले कोकणी मुसलमानही केपटाउनमध्ये पिढ्यानपिढ्या राहत होते. त्यांच्यातल्याही अनेकांना घरदार सोडून भारतीयांसाठी आखून दिलेल्या रायलँड्ससारख्या भागात जावं लागलं.

एप्रिल 1994मध्ये झालेल्या निवडणुकीत सर्व वंशांच्या लोकांनी मतदान केलं: जवळजवळ एक कोटी सत्त्याण्णव लाख मतं. मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. मलान यांचा पक्ष नाव बदलून काही वर्षं टिकला आणि 2005 साली विसर्जित झाला.

मत एका दिवसात मिळतं, जमीन मिळत नाही. सत्तांतराच्या तडजोडीत खासगी मालमत्तेला राज्यघटनेचं संरक्षण मिळालं, आणि जमीनवाटप चालणार होतं ते विकणारा राजी असेल तर बाजारभावानं. पाच वर्षांत तीस टक्के शेतजमीन काळ्यांच्या हाती देण्याचं नव्या सरकारचं उद्दिष्ट होतं. ते गाठता आलं नाही. माझ्या मते इथे दोष नुसत्या संथ कारभाराचा नाही. लुटीतून उभ्या राहिलेल्या मालकीला पवित्र मानणं हीसुद्धा एक राजकीय विचारसरणीच आहे, आणि तिची किंमतही पुन्हा त्याच लोकांनी मोजली. 2017च्या सरकारी पाहणीत व्यक्तींच्या नावे असलेल्या शेतजमिनीपैकी 72 टक्के जमीन गोऱ्यांकडे होती. लोकसंख्येत ते आठ टक्के होते. काळे आफ्रिकी ऐंशी टक्के, आणि त्यांच्या नावावर होती चार टक्के जमीन.