एका तिकिटात तीन भाषा

पोस्टाची तिकिटं जमवता ना? मग स्वित्झर्लंडचं तिकीट शोधताना त्यावर 'स्वित्झर्लंड' हे नाव पाहू नका, सापडणार नाही! तिथे छापलेलं असतं 'हेल्वेशिया'. या देशाच्या भाषा चार : जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श. प्रत्येकीत देशाचं नाव वेगळं. एक छापलं तर बाकीच्या तिघी रुसणार! म्हणून हे लॅटिन नाव.

तेव्हा दोस्तांनो, या देशाच्या सहलीचा बेत आखताना नुसता बर्फ मोजू नका. नकाशा पुढ्यात घ्या आणि कूर ते तिरानो या रेल्वेमार्गावर बोट ठेवा. अंतर चार-साडेचार तासांचं, पण भाषा तीन!

कूरला जर्मन चालते. दुकानात शिरताना म्हणायचं, 'ग्र्युएत्सी!' गाडी डोंगर चढू लागली की रोमान्शचा मुलूख येतो. ही भाषा बोलणारे साठ हजारांच्या आसपास, आपल्या बहुतेक तालुक्यांच्या वस्तीहूनही कमी. तरी १९३८ साली देशभरच्या मतदारांनी कौल देऊन तिला राष्ट्रीय भाषा केलं. इथे 'आलेग्रा!' म्हणून पाहा.

सगळ्यात उंच स्टेशन ओस्पीत्सिओ बर्निना, २२५३ मीटरवर. (आपलं कळसूबाई १६४६!) आणि गाडी इथवर चढते ती दातेरी रुळांशिवाय. या घाटमाथ्यावर दोन तळी जवळजवळ आहेत. एकाचं नाव रोमान्श, 'लेय नाइर', म्हणजे काळं तळं. दुसऱ्याचं इटालियन, 'लागो बिआंको', म्हणजे पांढरं तळं. काळ्याचं पाणी डॅन्यूब नदीतून काळ्या समुद्राला जातं, पांढऱ्याचं पो नदीतून एड्रियाटिक समुद्राला. पाणी जिथे वाट बदलतं, तिथेच भाषाही बदलते! पुढच्या उतारावर सगळीकडे 'बुओन जोर्नो'.

आता आई-बाबांना हे वाचून दाखवा. मोठ्या काचांच्या 'बर्निना एक्सप्रेस'मध्ये जागा राखून ठेवण्याचे जादा पैसे पडतात. त्याच रुळांवरून साध्या गाड्याही धावतात. मध्ये एकदा गाडी बदलावी लागते, एवढंच. पण वाटेल तिथे उतरता येतं. तिरानो इटलीत आहे, मात्र शेंगेन व्हिसा दोन्ही देशांत चालतो. पासपोर्ट जवळ असू द्या.

आणि मे महिन्याच्या सुट्टीत जायचा हट्ट धरू नका. तेव्हा घाटमाथ्यावरची तळी बहुधा गोठलेली असतात, मग वाहतं पाणी कुठून दिसणार? दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात आली, तर तो योग साधा. स्वेटर मात्र दोन घ्या.