आधी पावती, मग पैसे!

संध्याकाळी साडेसहाचा सुमार. इथं कंधारला मी भाकरीचं पीठ मळत होते, तेवढ्यात नांदेडहून लेकीचा फोन आला. ती तिथं कॉलेजात शिकते, खोली करून राहते.

"आई, पार्किंगची चिठ्ठी हरवली गं. पोरगा गाडी सोडेना. शंभर रुपये दंड मागतोय."

कुठलीही आई म्हणेल तेच मी म्हटलं, "देऊन टाक माय. अंधार पडायच्या आत खोलीवर जा."

"अगं, पण बोर्डावर दुचाकीला दहा रुपये लिहिलंय. दंडाचं कुठंच काही नाही."

फोन चालूच होता. तिनं त्या पोराला शांतपणे सांगितलं, "दादा, शंभर देते. पण शंभराची पावती दे, ठेकेदाराच्या नावाची. गाडी माझीच आहे, हे बघ मोबाईलवर आरसी." पोरानं मालकाला फोन लावला, काहीतरी कुजबुजला आणि पुन्हा दहा रुपये घेऊन गाडी सोडली.

वाचले ते नव्वद रुपये, म्हणजे तिच्या मेसचं एक वेळचं जेवण. पण मला रात्री झोप लागेना. लेकीला शिकायला पाठवलं आणि मी मात्र तिला 'देऊन टाक' शिकवत होते!

मैत्रिणींनो, दोन गोष्टींत आपली गल्लत होते. पोलिसांचं चलन हा सरकारी दंड. तो चुकीचा वाटला तर त्याची तक्रार वेगळ्या वाटेनं करायची, पण दुर्लक्ष करायचं नाही. खाजगी पार्किंगवाल्याचा 'दंड' मात्र सरकारी नसतो. तो फक्त ठरलेलं भाडं घेऊ शकतो. चिठ्ठी हरवल्याचा जादा आकार बोर्डावर आधीच लिहिलेला असेल तर गोष्ट वेगळी. मग तो वाजवी आहे का, एवढंच विचारायचं.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 सालचा, लागू झाला जुलै 2020 मध्ये. लावलेल्या दरपत्रकापेक्षा जास्त पैसे घेतले तर त्याची तक्रार करता येते. सेवा देऊन पावती न देणं हीसुद्धा या कायद्यानं अनुचित प्रथा ठरली आहे.

'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' या पाटीलाही घाबरू नका. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलात 1998 साली किल्ली घेऊन लावायला नेलेली एक मारुती झेन चोरीला गेली. चिठ्ठीवर असंच छापलं होतं. तरी सर्वोच्च न्यायालयानं 2019 साली हॉटेललाच जबाबदार धरलं. गाडी ताब्यात घेतली की ती सांभाळणं आलंच.

म्हणून दरवेळी भांडायचंच असंही नाही. आता आपल्याकडची मुलं परदेशी शिकायला जातात. ब्रिटनमध्ये खाजगी पार्किंग कंपन्या दंडासारखी दिसणारी नोटीस पाठवतात. तिथं एका माणसानं दोन तासांच्या फुकट पार्किंगमध्ये जास्त वेळ गाडी ठेवली, कंपनीनं 85 पौंड मागितले. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2015 साली हरला. कारण पाट्या मोठ्या होत्या, अटी स्पष्ट होत्या. तिथं नोटीस फेकून द्यायची नाही, मुदतीत लेखी आक्षेप घ्यायचा. इथं असो की तिथं, आधी पाटी वाचायची.

मग मुलींना काय सांगायचं? गाडी लावताना दराच्या बोर्डाचा आणि चिठ्ठीचा फोटो काढायचा. जादा मागितले तर 'कुठं लिहिलंय ते दाखवा' म्हणायचं, पावती मागायची. एकटी असशील, अंधार असेल, तर पैसे दे आणि नीघ. जमलं तर ते मोबाईलवरून दे, म्हणजे नोंद राहते. कुणी धमकावलं तर 112 लाव. भांडण दुसऱ्या दिवशी कागदावरही करता येतं.

त्यासाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, आपल्यासाठी नांदेडला. पोरगी पुण्यात शिकत असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय नव्या कायद्यात आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची.

दहा-वीस रुपयांसाठी कोण आयोगात जाणार, असं वाटेल. खरंय, बहुतेक वेळा जावंही लागत नाही. पावती मागितली की निम्मं काम तिथंच होतं.

परवा बाजारात मिक्सर दुरुस्त करून घेतला. पैसे पुढं केले आणि तोंडून आपसूक निघालं, "दादा, पावती?"