नव्या संगणकाचा राखणदार : सावध असावा, वाट अडवणारा नसावा

आमच्या व्यापाराचे दप्तर वहीतून निघून संगणकात गेले, ही गोष्ट आता नव्याने सांगावयास नको. छावणीच्या धान्य बाजारातील आडत असो, सियागंजातील किराण्याची पेढी असो, की सुदामा नगरात घराच्या पुढच्या खोलीत चालणारा लहानसा व्यवसाय असो, खरेदी-विक्रीच्या नोंदी, उधारीची खाती, कराची विवरणपत्रे आणि बँकेचा व्यवहार हे सारे एकाच यंत्राच्या पोटात साठू लागले आहे. १ जुलै २०१७ रोजी जी. एस. टी. लागू झाला, तेव्हा संगणकास चैनीची वस्तू समजणाऱ्यांनाही तो घ्यावा लागला. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक वार्षिक उलाढाल असणाऱ्या पेढ्यांस ई-इन्व्हॉइसचे बंधन आले. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबविला. जुनी यंत्रे विंडोज ११ ला चालेनात, म्हणून अनेक पेढ्यांवर नवे संगणक आले.

नवा संगणक आला की पाठोपाठ एक प्रश्न येतो : यावर कोणते अँटीव्हायरस घालावे, जेणेकरून चोरही येणार नाही आणि यंत्रही मंदावणार नाही? पुष्कळांना हा प्रश्न केवळ सोयीचा वाटतो. आमच्या मते तो सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. जो राखणदार रोजच्या कामाची वाट अडवतो, त्याला मालक किंवा मुनीम एक ना एक दिवस झोपवून ठेवतात. आणि झोपलेल्या राखणदारापेक्षा तो मुळीच नसलेला बरा, कारण निदान तेव्हा आपण सावध तरी असतो.

हे आम्ही अनुमानाने लिहीत नाही. महिन्याच्या २० तारखेची घाई आपणा सर्वांस ठाऊक आहे. आमच्या परिचयाच्या एका पेढीवर अशाच घाईत, यंत्र हळू चालते म्हणून, अँटीव्हायरस दोन तासांपुरते बंद करण्यात आले. दोन तास सरले, तारीखही सरली, परंतु ते पुन्हा सुरू करावयाचे राहून गेले. आठवड्याभराने टपालात दरपत्रकाच्या नावाने एक फाइल आली. ती उघडताच तीन वर्षांच्या नोंदी कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर खंडणीची मागणी झळकली. त्या बंधूंनी पैसे दिले नाहीत, हे त्यांनी योग्यच केले. परंतु कागदी बिलांवरून सारी खाती पुन्हा उभी करण्यास घरच्या दोन मुलांना आणि मुनीमजींना चार महिने लागले. जी. एस. टी.च्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या नुकसानीचा खोलपणा कळतो.

राखणदार काय करतो

हे सॉफ्टवेअर आत काय करते हे कळले, की मंदपणाचे कारणही कळते. वखारीच्या फाटकावर उभा राहून, येणाऱ्या प्रत्येक पोत्यास परखी लावून मूठभर दाणे पाहणारा माणूस डोळ्यांपुढे आणावा. संगणकात एखादी फाइल उघडली, उतरविली किंवा हलविली की हा माणूस ती आधी हातात घेतो. तो तीन प्रकारे पारख करतो. पहिली पारख ओळखीची : माहीत असलेल्या विषाणूंच्या खुणांची यादी त्याच्याजवळ असते. दुसरी वर्तनाची : एखादा प्रोग्राम एकाएकी शेकडो फाइली बदलू लागला तर तो त्यास अडवतो. तिसरी विचारणेची : संशय आल्यास तो इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकास विचारून घेतो.

तिसऱ्या प्रकारामुळे आपल्या यंत्रावरील भार पुष्कळ हलका होतो. मात्र ज्या वखारीत इंटरनेट वारंवार तुटते, तेथे केवळ विचारणेवर विसंबून राहणारे सॉफ्टवेअर दुबळे पडते. अशा ठिकाणी, इंटरनेट नसतानाही पारख करू शकणारे सॉफ्टवेअर घ्यावे. आणखी एक गोष्ट. चांगले सॉफ्टवेअर एकदा तपासलेल्या फाइलीची आठवण ठेवते आणि ती बदलली नसेल तर पुन्हा पुन्हा तपासत बसत नाही. म्हणून पहिले दोन-तीन दिवस यंत्र जड वाटले तरी लगेच निकाल देऊ नये. आठवड्यानंतरही जड वाटले तर मात्र तो दोष समजावा.

या विद्येस अजून पन्नास वर्षेही झालेली नाहीत. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आय. बी. एम. पद्धतीच्या लहान संगणकांवरील पहिला विषाणू मानला जातो. तो फ्लॉपीतून गावोगाव पसरला. त्याच्या उताऱ्याचे एक मोठे काम पुण्यात झाले, आणि तेही दोन भावांनीच केले. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलाश काटकर शाळेचे शिक्षण अर्धवट सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामास लागले; पुढे पुण्यात त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान घातले. धाकटे बंधू संजय यांस त्यांनी संगणकशास्त्र शिकविले. दुरुस्तीस येणारी यंत्रे विषाणूंनी ग्रासलेली असत, म्हणून संजय काटकर यांनी त्यांवर उतारा लिहिला, आणि १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास तो ‘क्विक हील’ या नावाने बाजारात आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्या कंपनीचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. अमुकच माल घ्या असे सुचविण्यासाठी हे लिहीत नाही. गिऱ्हाइकाचे अडलेले काम सुटावे, या गरजेतूनच हा धंदा उभा राहिला. तेव्हा गिऱ्हाइकाचे काम अडवून त्याने आपला हेतू सिद्ध झाला असे म्हणू नये, एवढेच आमचे म्हणणे.

मंदपणाचे मूळ कोठे असते

संगणक मंदावला की सारा दोष अँटीव्हायरसच्या माथी येतो. पुष्कळदा दोष दुसरीकडेच असतो. पहिले कारण म्हणजे एका फाटकावर दोन राखणदार. दुकानदाराने एक सॉफ्टवेअर घातलेले, मुलाने दुसरे उतरविलेले, आणि दोघेही एकच फाइल धरून ओढताहेत, अशी स्थिती असते. संरक्षण दुप्पट होत नाही. खोळंबा मात्र होतो. एकच ठेवावे.

दुसरे कारण, यंत्रासोबत आलेली पाहुणी मंडळी. नव्या संगणकात बहुधा एखाद्या कंपनीचे अँटीव्हायरस महिना-दोन महिन्यांच्या मोफत मुदतीवर आधीच घातलेले असते. मुदत संपली की ते ‘पैसे भरा’ म्हणून मागे लागते. घ्यावयाचे नसेल तर पहिल्याच दिवशी ते रीतसर काढून टाकावे. बहुतेक कंपन्या आपले सॉफ्टवेअर समूळ काढण्याचे वेगळे साधन मोफत देतात, त्याचा उपयोग करावा; नुसते चिन्ह पुसल्याने ते जात नाही.

तिसरे कारण, सोबतचा फापटपसारा. अँटीव्हायरसच्या मोठ्या संचात सफाई करणारा, वेग वाढविणारा, ब्राउझरवर पट्टी लावणारा असे अनेक नोकर एकाच पगारात येतात. त्यांतील निम्म्यांचे आपणास काम नसते, पण जागा आणि शक्ती सारेच खातात. लहान संच घ्यावा, आणि जे नको ते बंद करावे.

चौथे कारण यंत्राचेच असते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी कमीत कमी ४ जी. बी. रॅम सांगितली आहे. परंतु तेवढ्यावर टॅली, ब्राउझर आणि राखणदार हे तिघे एकत्र सुखाने नांदत नाहीत. नवा संगणक घेताना ८ जी. बी. रॅम आणि फिरत्या तबकडीऐवजी एस. एस. डी. मागून घ्यावी. फिरत्या तबकडीवर हलक्यातला हलका राखणदारही जड वाटतो.

निवड कशी करावी

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचे डिफेंडर हे अँटीव्हायरस आधीपासून असते आणि त्यास वेगळे पैसे पडत नाहीत. दुसरे सॉफ्टवेअर घातले की ते आपण होऊन बाजूला होते. एका-दोघांच्या पेढीस किंवा घरच्या संगणकास, वेळच्या वेळी सुधारणा घेत राहिल्यास, ते सामान्यतः पुरेसे आहे असे आमचे मत झाले आहे. विकतचे केव्हा घ्यावे? पेढीवर पाच-दहा संगणक असून सर्वांवर एका ठिकाणाहून देखरेख हवी असेल, अडचणीच्या वेळी दूरध्वनीवर बोलणारा माणूस हवा असेल, किंवा घरच्या मुलांच्या वापरावर मर्यादा घालावयाच्या असतील, तेव्हा.

विकतचे घ्यावयाचे ठरले तर जाहिरातीवर न जाता तटस्थ परीक्षकांचे निकाल पाहावेत. जर्मनीतील माग्डेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरातील सुलभता या तीन बाबींस प्रत्येकी ६ गुण देते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही संस्था फाइली उतरवून घेणे, त्यांची नक्कल करणे, त्या दाबून बांधणे, प्रोग्राम उघडणे, संकेतस्थळे पाहणे अशा रोजच्या कामांवर सॉफ्टवेअरचा किती भार पडतो ते मोजते. दोहोंचे निकाल इंटरनेटवर मोफत मिळतात. मात्र एकाच चाचणीवर भरवसा ठेवू नये. लागोपाठ दोन-तीन निकालांत जे वरच्या रांगेत टिकले, ते घ्यावे. केवळ वेग पाहून संरक्षणात कमी असलेले घेणे हाही तोट्याचाच सौदा होय.

परंतु परीक्षकांचे यंत्र आपल्या गादीवर नसते. दुसऱ्याने केलेले वजन आपण आपल्या काट्यावर पुन्हा पाहतोच की नाही? तसेच येथे करावे. बहुतेक कंपन्या काही दिवस सॉफ्टवेअर मोफत वापरू देतात. घड्याळ घेऊन बसावे आणि तीन कामे मोजावीत : संगणक सुरू केल्यापासून टॅली उघडेपर्यंतचा वेळ, चालू वर्षाचे मोठ्यात मोठे खाते उघडण्यास लागणारा वेळ, आणि बिलांच्या फाइलींचा एक ठरावीक गठ्ठा पेन ड्राइव्हवर उतरविण्याचा वेळ. प्रत्येक काम तीनदा करावे, आधी डिफेंडरवर, मग आठवडाभराने नव्या सॉफ्टवेअरवर, आणि आकडे कागदावर मांडावेत. थोड्या सेकंदांचा फरक सोसावा. वेळ दीडपट-दुप्पट होत असेल तर मालक कितीही नामांकित असो, तो माल परत करावा. किंमत विचारताना पहिल्या वर्षाची नव्हे, दुसऱ्या वर्षाची विचारावी. पहिल्या वर्षाची सूट पुढे बहुधा राहत नाही.

सॉफ्टवेअर घातल्यावर संपूर्ण तपासणीची वेळ आपल्या कामाप्रमाणे लावावी. सकाळी लिलावाच्या वेळी ती सुरू झाली तर यंत्र अडेलच. दुपारच्या जेवणाची वेळ लावली तर कोणास कळणारही नाही. दुरुस्ती करणारा माणूस कधी कधी टॅलीचा फोल्डर तपासणीतून वगळण्याचा सल्ला देतो. अगदीच गरज पडली तर हिशेबाचा तेवढा एकच फोल्डर वगळावा. संपूर्ण ड्राइव्ह, डेस्कटॉप किंवा डाउनलोडचा फोल्डर कधीही वगळू नये. चोर त्याच दारांनी आत येतो.

राखणदार असूनही

उत्तम राखणदार असला तरी भिंतीचे भगदाड बुजवावेच लागते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने सुमारे दीडशे देशांत धुमाकूळ घातला. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजविणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ती ज्यांनी घेतली नाही ते सापडले. त्याच वर्षी जूनअखेर ‘नॉटपेट्या’मुळे मर्स्क समूहाचे जगभरचे कामकाज विस्कळित झाले आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम अडले. बंदराकडे माल पाठविणाऱ्यांस त्या खोळंब्याचा अर्थ सांगावयास नको. कधी राखणदार स्वतःच घसरतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या नामांकित कंपनीच्या एका सदोष सुधारणेने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, आणि आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

यावर उपाय एकच, आणि तो आमच्या वाडवडिलांस ठाऊक होता. कच्ची वही वेगळी, पक्की वेगळी, आणि जुनी दप्तरे दुकानी न ठेवता घरी. आजच्या भाषेत सांगावयाचे तर हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी प्रत दुसऱ्या जागी असावी. नक्कल झाली की ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी; जोडलेली राहिली तर विषाणू तिलाही कुलूप घालतो. महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून खाते उघडून पाहावे. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली थैली.

घरच्या संगणकाविषयी माताभगिनींस आणि तरुण मंडळीस एक विनंती. चोरीचे खेळ किंवा फुकटचे सॉफ्टवेअर घालताना ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना आली, तर ती चोराची सूचना समजावी. पडद्यावर एकाएकी ‘तुमचा संगणक दूषित झाला आहे, या क्रमांकावर बोला’ असे झळकले तर बोलू नये. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर विषाणू काढण्याची साधने मोफत मिळतात. पैशांची फसवणूक झालीच, तर संकोच न करता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे; अशा प्रसंगी जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

तात्पर्य, राखणदार एकच असावा, आपल्या यंत्रास पेलणारा असावा, आपल्या काट्यावर तोललेला असावा, आणि तो कधीही झोपवू नये. ज्या पेढीवर कोणालाही अँटीव्हायरस बंद करावेसे वाटत नाही, त्या पेढीची निवड योग्य झाली असे समजावे. येत्या मार्चअखेरीपूर्वी प्रत्येक सभासद बंधूने एक दुपार काढून ही तीन कामे मोजून पाहावीत आणि हिशेबाची एक प्रत घरच्या कपाटात नेऊन ठेवावी, ही आग्रहाची विनंती.