घरांतील जुनीं खेळयंत्रें : त्यांची मांडणी व जोडणी

दसरा-दिवाळीच्या झाडलोटींत माळ्यावरून एखादा खोका खालीं येतो, आणि त्यांतून वायरींच्या गुंत्यासह एक-दोन जुनीं व्हिडिओ खेळयंत्रें बाहेर निघतात. घरांतील मंडळी भोंवतीं जमतात. कोणीतरी त्यांतील प्लॅस्टिकची बंदूक उचलून दिवाणखान्यांतील नव्या, सपाट टेलिव्हिजनवर रोखतो. यंत्र जोडलें जातें, पडद्यावर बदकें उडूं लागतात. परंतु कितीहि नेम धरून चाप ओढला, तरी एकहि बदक खालीं पडत नाहीं. 'बिघडलें' असा निकाल होऊन खोका भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. वस्तुतः त्या यंत्रांत कांहींएक बिघाड नसतो. चूक झालेली असते ती इतकीच, कीं यंत्र जपून ठेवलें आणि त्याच्या जोडीचा जुना टेलिव्हिजन मात्र आधींच विकून टाकला.

टेलिव्हिजनला जोडून घरीं खेळावयाचें पहिलें यंत्र 'मॅग्नाव्हॉक्स ऑडिसी' या नांवानें १९७२ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें. राल्फ बेअर या अभियंत्याच्या कल्पनेंतून तें निघालें. त्याला रंग नव्हता, आवाज नव्हता. मैदान किंवा घर दाखवावयाचें तर पारदर्शक प्लॅस्टिकचा चित्रित पत्रा टेलिव्हिजनच्या कांचेवर चिकटवावा लागे. पुढें अटारी कंपनीचें '२६००' या नांवानें प्रसिद्ध झालेलें यंत्र १९७७ सालीं आलें. निन्टेंडोचें 'फॅमिकॉम' जपानांत १९८३ सालीं निघालें व १९८५ सालीं 'एन. ई. एस.' हें नांव घेऊन अमेरिकेस गेलें. सेगाचें 'मेगा ड्राइव्ह' १९८८ चें, निन्टेंडोचें 'सुपर फॅमिकॉम' १९९० चें, आणि सोनीचें 'प्लेस्टेशन' १९९४ चें. आपल्याकडील शहरांत १९९० नंतरच्या दशकांत घरोघर जें यंत्र दिसूं लागलें, तें बहुधा यांपैकीं कोणतेंच नव्हे. तें फॅमिकॉमची बिनपरवाना नक्कल असे. मुलें त्याला 'टी. व्ही. गेम' म्हणत आणि त्यांत खोंचावयाच्या कार्ट्रिजला 'कॅसेट' म्हणत. या कॅसेटच्या पट्टीवर फॅमिकॉमप्रमाणेंच ६० टोकें असतात. अमेरिकन एन. ई. एस. ला ७२ टोकांचें कार्ट्रिज लागतें. म्हणून परदेशांतून भाच्यानें आणलेल्या यंत्रांत आपली जुनी कॅसेट बसत नाहीं, यांत नवल नाहीं.

आतां त्या बंदुकीविषयीं. तिच्यांतून कांहींहि सुटत नाहीं. उलट ती प्रकाश आंत घेते. तिच्या नळींत प्रकाश ओळखणारा एक लहानसा घटक बसविलेला असतो. चाप ओढतांच यंत्र सबंध पडदा क्षणमात्र काळा करतें आणि लगेच पुढच्या चित्रांत बदकाच्या जागीं पांढरा चौकोन रंगवितें. हें सारें सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागांच्या हिशेबानें चालतें. डोळ्यांना केवळ एक लुकलुक जाणवते. तेवढ्या अवधींत बंदुकीला प्रकाश दिसला तर नेम लागला, न दिसला तर चुकला. कांचेच्या नळीच्या टेलिव्हिजनांत यंत्राकडून आलेली रेघ तत्क्षणीं कांचेवर उमटते. सपाट संच मात्र आलेलें चित्र प्रथम आपल्याजवळ सांठवितो, त्यास मोठें करितो, घासूनपुसून नीट करितो आणि मग दाखवितो. पांढरा चौकोन पडद्यावर येईपर्यंत यंत्रानें आपला निकाल केव्हांच देऊन टाकलेला असतो.

हाच विलंब बंदूक नसलेल्या खेळांतहि जाणवतो. बटण दाबल्यावर पडद्यावरील गडी किंचित् उशिरां उडी मारतो आणि खड्ड्यांत पडतो. चाळिशी ओलांडलेला खेळाडू खिन्न होऊन म्हणतो कीं, हात पूर्वीसारखा चालत नाहीं. पुष्कळदां दोष हाताचा नसतो. नव्या संचांत 'गेम मोड' म्हणून एक सोय असते. ती चालू केल्यास संच आपली घासपूस आवरती घेतो व विलंब बराच कमी होतो. बंदुकीसाठीं मात्र जुन्या नळीवांचून गत्यंतर नाहीं. असा संच आतां नवा मिळत नसल्यामुळें, ज्या घरीं तो चालू स्थितींत आहे त्यांनीं तो हातचा घालवूं नये. तो जड असतो, जागा अडवितो, हें खरें. त्याचें पाठीमागचें आवरण मात्र घरच्या कोणीं कधींहि उघडूं नये. प्लग काढून ठेवल्यावरहि नळींत हजारों व्होल्टचा दाब शिल्लक राहूं शकतो.

जोडणीचा विचार करतांना बहुतेक लोक प्रथम चित्राच्या वायरीकडे पाहतात. खरें पाहतां पहिला विचार विजेचा असावा. चित्राची वायर चुकली तर पडदा काळा राहतो व वायर काढून दुसरी लावतां येते. वीज चुकली तर यंत्र गेलें. भारतांत घरगुती वीज २३० व्होल्टची, अमेरिकेंत १२० ची, जपानांत १०० ची. अमेरिकेंतील किंवा जपानांतील अडॅप्टर केवळ पिना बदलून आपल्या भिंतींत लावला, तर त्याचें वेटोळें जळतें. ज्या यंत्राचा वीजपुरवठा पोटांतच असतो, उदाहरणार्थ जपानी प्लेस्टेशन, त्याचीहि तीच गत. अशा यंत्रांसाठीं दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, व तो यंत्रावर लिहिलेल्या वॅटपेक्षां सढळ शक्तीचा असावा.

येथपर्यंत पुष्कळांना ठाऊक असतें. अडॅप्टरच्या दुसऱ्या टोकाकडे मात्र थोडेच लक्ष देतात. एन. ई. एस. चा मूळ अडॅप्टर ९ व्होल्टची उलटसुलट वाहणारी, म्हणजे ए. सी., वीज देतो. ती सरळ करण्याचें काम यंत्राच्या आंत होतें. फॅमिकॉम व पहिल्या घडणीचें मेगा ड्राइव्ह यांना सरळ वाहणारी डी. सी. वीज लागते. दुर्दैव असें कीं, एन. ई. एस. च्या अडॅप्टरचा प्लग मेगा ड्राइव्हच्या भोंकांत बेमालूम बसतो. बसला म्हणून योग्य, असें समजून खटका दाबणाऱ्यानें आपल्या हातानें यंत्र मारलें असें समजावें. याशिवाय या दोन्ही डी. सी. यंत्रांत प्लगचें मधलें टोक ऋण व बाहेरील कडें धन असतें. आजकाल बाजारांत मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांत याच्या नेमकें उलट असतें. अडॅप्टरच्या पाठीवर लहान वर्तुळाला जोडलेलीं अधिक-उणें चिन्हें छापलेलीं असतात. तीं भिंगाखालीं वाचावीं. व्होल्ट जुळले पाहिजेत, चिन्हें जुळलीं पाहिजेत. अँपियरचा आंकडा यंत्राच्या मागणीपेक्षां अधिक असला तर चालतो, कमी असून चालत नाहीं. यंत्र व त्याचा अडॅप्टर दोहोंवर एकच क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटविणें हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

चित्राच्या वायरींत जातिभेद पुष्कळ आहेत. अगदीं जुनी यंत्रें टेलिव्हिजनच्या अँटेनाच्या भोंकांतूनच आंत शिरत. चित्र व आवाज मिळून एका वाहिनीवर स्वार होत, आणि संचावर ती वाहिनी शोधावी लागे. जपानचें मूळ फॅमिकॉम याहून अधिक कांहींच देत नाहीं. त्यानंतरची पायरी म्हणजे पिवळ्या टोकाची वायर. तींत उजेड व रंग एकत्र वाहतात, आणि त्यांची सरमिसळ झाल्यानें कडा पुसट होतात. 'एस-व्हिडिओ' हे दोन्ही वेगळे ठेवते. लाल, हिरवा व निळा असे तिन्ही रंग निरनिराळ्या तारांनीं नेले तर चित्र सर्वांत स्वच्छ येतें; युरोपांत त्यासाठीं २१ टोकांचा रुंद 'स्कार्ट' प्लग रूढ झाला. जपानांतहि हुबेहूब त्याच आकाराचा प्लग वापरीत, परंतु त्याच्या आंतील तारांचा क्रम वेगळा आहे. एकाची वायर दुसऱ्याच्या उपकरणांत खुपसल्यास नुकसान होऊं शकतें. म्हणून असली वायर विकत घेतांना ती कोणत्या पद्धतीची हें विचारल्याविना पैसे देऊं नयेत.

दुसरी एक गोष्ट खर्च वांचविणारी आहे. सुपर निन्टेंडो, निन्टेंडो ६४ आणि गेमक्यूब या तिन्ही यंत्रांना पिवळ्या टोकाची एकच वायर चालते. तसेंच दोन्ही प्लेस्टेशनना एक. घरीं पांच यंत्रें असलीं म्हणजे पांच वायरी पाहिजेत असें नाहीं.

नव्या टेलिव्हिजनला बहुधा एच. डी. एम. आय. चीच भोंकें असतात, म्हणून मध्यें रूपांतर करणारी पेटी घालावी लागते. थोडक्या रुपयांत मिळणाऱ्या पेट्या पिवळ्या वायरीचें चित्र पडद्यावर आणतात, यांत शंका नाहीं. परंतु त्या एक घोटाळा करितात. जुनीं यंत्रें प्रत्येक वेळीं २४० रेघांचें पूर्ण चित्र पाठवीत. टेलिव्हिजनच्या कार्यक्रमांत मात्र ४८० रेघा दोन हप्त्यांनीं, एक आड एक, येत असत. स्वस्त पेटी पहिल्या प्रकारास दुसरा समजते व नसलेले दोन भाग जुळवूं पाहते. परिणामीं कडा थरथरतात, चित्र फिसकटतें, आणि विलंब वाढतो तो वेगळाच. 'ओ. एस. एस. सी.' या नांवाची पेटी प्रत्येक रेघ आली तशी दुप्पट-तिप्पट करून पुढें ढकलते, त्यामुळें विलंब जाणवण्याइतका राहत नाहीं. मात्र ती पिवळी वायर स्वीकारीत नाहीं. '२०२१' सालीं निघालेली 'रेट्रोटिंक-५एक्स' पिवळ्या वायरीपासून स्कार्टपर्यंत सर्व स्वीकारते, पण तिची किंमत कांहीं यंत्रांहून अधिक पडते. ज्याच्या घरीं चालू नळीचा संच आहे, त्याला यांतील कोणत्याच पेटीची गरज नाहीं.

मात्र तेथेंहि एक अट आहे. भारतांतील जुनें प्रक्षेपण ६२५ रेघांच्या 'पाल' पद्धतीचें, सेकंदास ५० क्षेत्रांचें होतें, जपान-अमेरिकेची जुनी 'एन. टी. एस. सी.' पद्धति ५२५ रेघांची व ६० क्षेत्रांची होती. जुन्या, केवळ पाल जाणणाऱ्या संचावर अमेरिकन यंत्राचें चित्र रंगहीन दिसतें किंवा वरखालीं धांवतें. उलट पाल पद्धतीसाठीं काढलेले पुष्कळसे खेळ मूळच्या सहांपैकीं पांच हिश्श्यांच्या वेगानेंच चालतात. लहानपणचें संगीत परदेशांतील यंत्रावर भरभर वाजतें असें वाटतें तें यामुळें.

मांडणी करतांना यंत्रें काळाच्या क्रमानें लावण्याचा मोह होतो. तो क्रम पाहुण्यांना दाखविण्यास चांगला. वापरण्यास जोडणीचा क्रम बरा. पिवळ्या वायरीचीं यंत्रें एका फळीवर, रंग वेगळे देणारीं दुसरीवर ठेवावीं, व प्रत्येक फळीची एक निवड-पेटी असावी, जिचें बटण दाबलें कीं त्या त्या यंत्राचें चित्र संचाकडे जाईल. वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी. एकाच टोकाला लावलेली चिठ्ठी नेमकी कपाटामागें असते. आपल्या बोर्डांवर प्रत्येक प्लगला निराळा खटका असतो ही मोठीच सोय आहे. खेळ संपला कीं तो बंद करावा. यंत्रावर यंत्र रचूं नये, कारण उष्णतेला वाट लागते. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत बंद कपाटांत बुरशी धरते व पुस्तिकांना कसर लागते, म्हणून ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्या आणि महिन्या-दोन महिन्यांनीं प्रत्येक यंत्र थोडा वेळ चालू करावें. हातांत धरावयाच्या गेम बॉयसारख्या यंत्रांतील सेल काढूनच ठेवावे. पाझरलेला सेल आंतील पत्र्या खाऊन टाकतो. २००१ च्या मूळ एक्सबॉक्सच्या बहुतेक घडणींत घड्याळासाठीं बसविलेला एक कपॅसिटर असाच पाझरतो व पाटीवरील तांब्याच्या रेघा कुरतडतो. तो जाणकाराकडून काढवून घ्यावा.

कॅसेट चालेना कीं तिच्यांत फुंकर घालण्याची चाल सर्वत्र होती. फुंकरीनें कॅसेट सुरू झाल्यासारखी वाटे, पण तें काम बहुधा ती काढून पुन्हां बसविल्यानें होई. तोंडाची वाफ मात्र टोकांवर गंज चढविते. काडीला कापूस गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलनें टोकें पुसावीं, कोरडीं होऊं द्यावीं, मग लावावीं.

शेवटीं एक वस्तु राहिली, जी डोळ्यांना दिसत नाहीं. १९८७ सालीं अमेरिकेंत आलेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा'च्या सोनेरी कार्ट्रिजमध्यें बटणाएवढी एक बॅटरी असते. खेळ अर्धवट टाकून उठलें तरी दुसरे दिवशीं तेथूनच पुढें जातां यावें, म्हणून ती स्मृति जिवंत ठेवते. खेळणारा आरंभीं आपलें नांव लिहितो. तीन नांवांना जागा असते. अशीं कार्ट्रिजें पुढें पुष्कळ निघालीं. परदेशीं स्थायिक झालेल्या मुलाचें किंवा आतां हयात नसलेल्या भावाचें नांव, त्यानें दहाव्या वर्षीं लिहिलेलें, त्यांत असूं शकतें. ही बॅटरी पंधरा-वीस वर्षें, क्वचित् त्याहून बरीच अधिक टिकते. ती संपली कीं खेळ पूर्ववत् चालतो, परंतु नांवें जातात आणि तीं कोणालाहि परत आणतां येत नाहींत. बॅटरी डाग देऊन बसविलेली असते. ती काढली कीं स्मृति त्याच क्षणीं पुसली जाते, म्हणून 'नवी बॅटरी घालून द्या' एवढेंच सांगून कार्ट्रिज दुकानांत देऊं नये. कार्ट्रिज वाचून त्यांतील स्मृति संगणकावर उतरविणारीं लहान उपकरणें मिळतात. प्रथम तिची नक्कल उतरवून घ्यावी, ती उघडून नांवें दिसतात कीं नाहीं तें पाहावें, मग बॅटरी बदलावी व स्मृति परत आंत लिहावी. झेल्डाच्या त्या कार्ट्रिजसाठीं यंत्र बंद करतांना 'रीसेट'चें बटण दाबून धरावें लागतें. तसें न केल्यास उरलेली बॅटरी शाबूत असूनहि नांवें बिघडूं शकतात. प्लेस्टेशनच्या स्मृतिपत्राला बॅटरी लागत नाहीं, त्यामुळें त्याचे बाबतींत ही घाई नाहीं. कार्ट्रिजांच्या बाबतींत दिवाळीपर्यंत थांबूं नये. नवी बॅटरी बसविल्याची तारीख कागदाच्या पट्टीवर लिहून ती कार्ट्रिजच्या पाठीवर चिकटवावी.